रशियन विशेषणांचा ऑगस्ट

ऑगस्ट अर्धा सरत आला की आमच्या बेलापूरचे आभाळ विचित्र वागू लागते. ढग असतात, पाऊस नसतो. उन्हाला धड ऊन म्हणता येत नाही आणि सावलीला सावली. पश्चिमेचा वारा दिवसभर सोयाबीनवरून वाहत राहतो, कांदे साठवलेल्या चाळींतून दमट, किंचित कुजकट वास गावभर पसरतो, प्रवरेचे पाणी वरच्या धरणांच्या मर्जीने चढते आणि उतरते. ओसरीवर बसलेल्या माणसाला उगीचच वाटत राहते की आपले काहीतरी करायचे राहून गेले आहे. याच दिवसांत, गेली दोन वर्षे, माझ्या तोंडात नकळत काही शब्द घोळू लागतात. दाढी करताना, स्कूटरला किक मारताना, वर्गात हजेरी घेताना. नोवी, नोवाया, नोवये. मग मी स्वतःवरच चिडतो आणि हजेरीत कुणाचे तरी नाव चुकवतो.

मी मराठीचा शिक्षक आहे. रशिया मी पाहिलेला नाही, पाहण्याची शक्यताही नाही, आणि एकाही रशियन माणसाशी माझे आयुष्यात एक वाक्य बोलणे झालेले नाही. तरीही त्या भाषेतल्या विशेषणांनी माझा एक अख्खा पावसाळा खाल्ला.

माझी मुलगी कृपा व्होल्गेकाठच्या एका शहरात डॉक्टरकी शिकते. आमच्या भागातली बरीच मुले तिकडे जातात, त्यात नवल काही नाही. पहिली वर्षे इंग्रजीवर निभावतात. पुढे मात्र मुलांना वॉर्डात पाठवतात, आणि खाटेवरचा रशियन म्हातारा काही इंग्रजीत कण्हत नाही. म्हणून वॉर्डात पाय ठेवण्याआधी रशियन भाषेची तोंडी परीक्षा असते. रुग्णाला प्रश्न विचारायचे, त्याचे दुखणे समजून घ्यायचे आणि ते परीक्षकाला त्याच भाषेत सांगायचे. या परीक्षेत कृपा नापास झाली. सप्टेंबरात फेरपरीक्षा होती. तीही हुकली असती तर कॉलेजने तिचे नाव कमी केले असते आणि शिक्षण अर्ध्यावर टाकून तिला घरी यावे लागले असते.

सुट्टीवर आल्याच्या दुसऱ्या दिवशी, स्वयंपाकघरात भाकरीचे पीठ मळता मळता, तिने हे आम्हा दोघांना सांगितले. मान वर न करता.

"कोणाला बोलू नका," ती म्हणाली. "आत्याला तर मुळीच नाही."

"पण अडलं कुठे?" मी विचारले.

"विशेषणांत."

मला वाटले, ती चेष्टा करते आहे. ती चेष्टा करत नव्हती. "नाम येतं मला, पप्पा. क्रियापद येतं. पण प्रत्येक दुखण्याआधी एक विशेषण येतं, आणि त्याचा शेवट कसा करायचा तिथे मी अडखळते. अडखळले की परीक्षक वर बघतात. त्यांनी वर बघितलं की पुढचं सगळं पुसलं जातं."

सांगताना संकोच वाटतो, पण त्या क्षणी मला दुःखाबरोबर थोडा आनंदही झाला. हाडे, शिरा, औषधे यांतले मला काही कळत नाही. मुलगी शिकत होती आणि मी लांबून नुसते कौतुक करत होतो. आता तिची अडचण चालत चालत माझ्या अंगणात आली होती. विशेषण! तीस वर्षे मी दुसरे शिकवतो तरी काय? मी त्याच दिवशी तिचे व्याकरणाचे पुस्तक मागून घेतले.

पहिले काही दिवस मी हवेत होतो. नवा, नवी, नवे. नोवी, नोवाया, नोवये. तीन लिंगे, अगदी आपल्यासारखी. इंग्रजीवाल्याला निर्जीव वस्तूंना लिंग असते हे पटवून देता देता शिक्षक थकतात म्हणे. आपण तर जन्मतःच भिंत बाई आणि दरवाजा बुवा मानून चालतो. शब्दही कसे ओळखीचे! आपला सुका खोकला तिकडे 'सुखोय काशेल'. सुका आणि सुखोय. गर्दीत कुणीतरी वळून पाहावे आणि तो आपलाच दूरचा चुलतभाऊ निघावा, तसे मला झाले. मी मंगलला, म्हणजे माझ्या पत्नीला, उत्साहाने हे सांगायला गेलो. ती म्हणाली, "चुलतभाऊ निघाला ना? मग आता वाटणीचं भांडण सुरू होईल."

तसेच झाले. विभक्त्या आल्या.

आपली भाषा या बाबतीत किती समजूतदार आहे, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले. दुखरा गुडघा, दुखरी पाठ, दुखरे बोट. इथवर लिंगाचा मान राखला. पण पुढे प्रत्यय लागला की ती सगळ्यांना एकाच पंगतीत बसवते. दुखऱ्या गुडघ्याला, दुखऱ्या पाठीला, दुखऱ्या बोटाला. दुखऱ्या गुडघ्याने, दुखऱ्या पाठीत, दुखऱ्या बोटाचा. एक 'दुखऱ्या' धरला की सगळ्या विभक्त्या पार. विशेषण उंबऱ्यात थांबते आणि प्रत्ययाची धावपळ नाम करते. रशियन विशेषणाला हे सुख ठाऊक नाही. नाम ज्या ज्या दारी जाईल तिथे ते मागोमाग जाते आणि दर दारी कपडे बदलते. नव्याचा म्हणायचे तर नोवव, नव्याला नोवमु, नव्याने नोवीम, नव्यात नोवम. त्यातही 'नोवव' लिहिताना 'ग' लिहायचा आणि बोलताना 'व' म्हणायचा. का? पुस्तकात कारण नाही. पुस्तकातली ती शांतता मला उर्मट वाटू लागली.

स्त्रीलिंगी नामांवर तेवढी दया केली आहे. चार विभक्त्यांत त्यांचे विशेषण एकच रूप घेते. मला हायसे वाटते न वाटते तोच पान उलटले आणि कर्माची गोष्ट निघाली. नवे घर पाहिले तर विशेषण जसेच्या तसे. नवा डॉक्टर पाहिला तर मात्र ते बदलते, कारण डॉक्टर जिवंत असतो. हेही मी पचवले, आपणही घर पाहतो आणि डॉक्टरला पाहतो. पण संख्या? एक घर असले तर ठीक. दोन, तीन किंवा चार असली तर घर एकवचनात राहते आणि त्याच घराला चिकटलेले विशेषण अनेकवचनात जाते. म्हणजे दोन शब्द शेजारी शेजारी उभे, एकाच वस्तूबद्दल बोलणारे, आणि ती वस्तू एक आहे की अनेक यावर त्यांचे एकमत नाही! मी पुस्तक मिटले. चष्मा काढला. अंगणात जाऊन उभा राहिलो. आभाळ नेहमीप्रमाणे काहीही ठरवत नव्हते.

आणि हे सारे दुखण्याबद्दल बोलण्यासाठी! वेदना तिकडे 'बोल', खोकला 'काशेल'. दोघांचा शेवट कानाला हुबेहूब सारखा. पण बोल ही बाई आणि काशेल हा पुरुष. चेहऱ्यावरून काही कळायला मार्ग नाही. रुग्णाला तर नामसुद्धा नाही. 'आजारी' हेच विशेषण पुढे करून त्याला हाक मारतात, पुरुष असेल तर बल्नोय, बाई असेल तर बल्नाया. एवढ्यावरही भागत नाही. माणूस नुसता आज आजारी पडला असेल तर त्याच विशेषणाचे एक आखूड रूप निराळेच ठेवले आहे. आपला 'आजारी' आठवून माझ्या डोळ्यांत पाणी यायचे बाकी होते. बाप आजारी, आई आजारी, लेकरू आजारी, गाव आजारी. आजारी माणसाला, आजारी बाईने, आजारी गावात. शब्द जागचा हलत नाही. दुखण्याने आधीच मेटाकुटीला आलेल्या माणसाला आपली भाषा निदान व्याकरणाचा त्रास देत नाही.

रोज चहानंतर आमची शिकवणी बसू लागली. ओसरीवर चटई. मी रुग्ण, मीच परीक्षक. कृपाने मला प्रश्न विचारायचे, मी पाठ केलेले एखादे रशियन वाक्य म्हणायचे आणि तिने माझे दुखणे सविस्तर सांगायचे.

"ओस्त्री बोल," ती सुरुवात करी. तीव्र वेदना.

"बोल कोण?"

"स्त्रीलिंगी."

"मग?"

"ओस्त्राया."

"शाबास. पुढे."

पुढे काय म्हणायचे होते ते तोवर ती विसरलेली असे. मग ती पहिल्यापासून सुरू करी, आणि मी वाट पाही. वाट पाहताना मी हाताची बोटे एकमेकांत गुंतवून बसतो, ही माझी वर्गातली सवय. मुले सांगतात की सर ओरडत नाहीत. खरे आहे, मी ओरडत नाही. माझा आवाज कधी चढत नाही, याचे कौतुक मी पुष्कळ ऐकले आहे आणि, कबूल करायला हवे, ते मला आवडतेही. त्या ऑगस्टमध्ये मला प्रथमच दिसले की ओरडणाऱ्या माणसाशी निदान भांडता तरी येते. जो नुसता हळू आवाजात "पुन्हा" म्हणतो, त्याच्यापुढे समोरच्याने करावे काय?

एकदा मंगल तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "अहो, तुमचं विशेषण जुळेपर्यंत पेशंट जाईल."

"चुकीचं बोलून कसं चालेल?"

"जिवंत राहिला तर चालेल की."

मी हसलो नाही. कृपाही हसली नाही, याची नोंद मी तेव्हा घ्यायला हवी होती. दिवसेंदिवस तिची वाक्ये आखूड होत गेली. आधी ती तीव्र वेदना, कोरडा खोकला असे म्हणे. मग नुसती वेदना, नुसता खोकला. विशेषण टाळायची युक्ती तिने शोधली होती आणि मला तो आळस वाटला. मी तिला सांगितले, तेही मऊ आवाजात, की विशेषण टाळणे म्हणजे दुखणे अर्धे ऐकणे. वाक्य मला स्वतःलाच आवडले. ती उठून आत गेली.

माझी थोरली बहीण मार्थाताई मागच्या आळीत राहते. मिशनच्या दवाखान्यात ती परिचारिका होती. निवृत्त झाली तरी तिचा आवाज अजून वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल असाच आहे. संध्याकाळी ती आमच्याकडे चहाला येते. घरात काहीतरी बिनसले आहे हे तिने कृपाच्या चेहऱ्यावरून ओळखले आणि मंगलला मोरीजवळ गाठले. मंगलच्याने राहवले नाही. तिने सांगितले आणि वर बजावले, "ताई, कुणाला बोलायचं नाही." ताईने छातीवर हात ठेवून कबूल केले.

पण आमच्या ख्रिस्ती लोकांत एक रीत आहे. रविवारी उपासनेत, प्रार्थनेच्या आधी, पाळकसाहेब विचारतात की कुणाची काही प्रार्थनेची विनंती आहे का. मग एकेक जण उभा राहतो. कुणाच्या सुनेचे दिवस भरत आलेले असतात, कुणाच्या मुलाचे नागापूरच्या कारखान्यातले काम सुटलेले असते, कुणाला बोअरला पाणी हवे असते. जे शेजारणीला सांगायला माणूस कचरेल ते सगळ्या मंडळीला सांगतो, आणि त्याला कुणी चहाडी म्हणत नाही. देवाजवळ बोलणे म्हणजे कुणाला बोलणे नव्हे, असा आमचा एक न लिहिलेला नियम आहे. त्या रविवारी मार्थाताई उभी राहिली तेव्हा मला वाटले, गुडघ्यांचे असेल.

"माझी भाची कृपा," ती म्हणाली. "सगळे ओळखता तिला. रशियात डॉक्टर होतेय. रशियन भाषेच्या तोंडी परीक्षेत ती नापास झालीय. सप्टेंबरात शेवटची संधी आहे, नाहीतर कॉलेज काढून टाकणार. ती हुशार आहे, फक्त विशेषणांत कच्ची आहे. मंडळीनं तिच्या विशेषणांसाठी प्रार्थना करावी."

बाकांवरच्या माना वळल्या. कृपा माझ्या शेजारी होती. तिने फक्त ओढणीचे टोक मुठीत धरले. पाळकसाहेब तरुण आहेत, नुकतेच बदलून आलेले. विशेषणांसाठी प्रार्थना त्यांनी याआधी केलेली नसावी. त्यांनी डोळे मिटले आणि ते गंभीरपणे म्हणाले, "हे दयाळू पित्या, आमच्या या बहिणीची सर्व विशेषणे आम्ही तुझ्या हाती सोपवतो." मंडळी एका आवाजात आमेन म्हणाली. इतके मनापासूनचे आमेन मी बऱ्याच दिवसांत ऐकले नव्हते, आणि इतके नकोसेही.

घरी आल्यावर जे झाले त्याला भांडण म्हणायचे की नाही, मला ठरवता येत नाही.

"आत्या, मी सांगू नका म्हटलं होतं."

"मी कुठे कुणाला सांगितलं? प्रार्थना मागितली."

"अख्ख्या गावाला कळलं!"

"कळू दे. देवाकडे काय कानात कुजबुजायचं असतं का? कोण हसलं तुला? दाखव मला, त्याला इंजेक्शन मी अजून देऊ शकते."

"ताई, तू जरा..." मी म्हणालो.

"तू गप, बाळू. पोरगी आल्यापासून वाळत चाललीय, आणि तू तिला बाराखडी घोकायला बसवलंयस."

कृपा उभी होती ती खुर्चीवर बसली. रडत नव्हती. "मी परत जाणार नाही," ती म्हणाली. "इथेच काहीतरी करेन. लॅबचा कोर्स करेन." मी काही बोलण्यासाठी तोंड उघडले, तसा तिने हात वर केला. मुलीने मला हाताने थांबवण्याची ती पहिलीच वेळ. "पप्पा, तिकडे वर्षातून एकदा परीक्षक वर बघतात. इथे रोज संध्याकाळी बघतात. मला बोलायचीच भीती बसलीय आता. रशियन सोडा, तुमच्यासमोर मराठी बोलतानाही मी आधी मनात वाक्य तपासून घेते. तुम्हाला माहितेय का हे?"

मला माहीत नव्हते. बाहेर वारा चाळींचा वास घेऊन ओसरीत आला आणि मंगल उठून दार लोटून आली, जसे काही वासामुळेच आम्हाला अवघडल्यासारखे झाले होते.

त्या रात्री मी ते व्याकरणाचे पुस्तक तिच्या टेबलावर ठेवून दिले. माझा सगळा वैताग त्या पुस्तकावर होता, असे मी समजत होतो. रशियन लोकांनी घराला एक वचन आणि विशेषणाला दुसरे का दिले, याचा मला राग होता. 'ग' लिहून 'व' म्हणण्याचा होता. पण पुस्तक ठेवून आल्यावरही राग तसाच होता. मग मला विचार करावा लागला की तो कुणाचा होता. शब्दाची टोके तिला जमत नाहीत म्हणून मी चिडलो होतो, आणि चिडणे मला शोभत नाही म्हणून ते मी त्या भाषेच्या नावावर घातले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर खोकल्याची उबळ ऐकू आली. शिमोनतात्या आले होते. शुगर फॅक्टरीतून निवृत्त झालेला, बोलका, काठीसारखा सरळ माणूस.

"सलाम सर. डॉक्टरीणबाई हाय का घरात?"

"आहे. पण तात्या, आज जरा..."

"न्हाई, तिला तरास द्याला न्हाई आलो. काल परार्थना केली म्या तिच्या त्या... काय ते, विशेशनांसाठी. घरी गेल्यावर मनात आलं, परार्थना तर झाली, पर पोरीला पेशंट कुठनं मिळायचा? तुमी दिसता ठणठणीत. आपल्याला लई दिस झाले खोकला हाय. म्हनलं, चला, वापरू द्या तिला."

"वापरू द्या?"

"व्हय. नुसता घरात पडून हाय खोकला. कुणाच्या उपेगी तरी पडंल."

आणि त्यांना पुन्हा उबळ आली. ही बोलण्यातली नव्हती. खरी, छाती पिळून काढणारी, मान खाली घालायला लावणारी होती. आतून पावले वाजली आणि कृपा बाहेर आली. तिच्याकडे वही नव्हती, पुस्तक नव्हते. ती तात्यांच्या समोर खाली बसली आणि सरळ मराठीत विचारू लागली. कधीपासून? कफ पडतो का? रात्री घाम येतो का? वजन उतरलेय का? बिडी अजून ओढता का? शेवटच्या प्रश्नाला तात्यांनी माझ्याकडे पाहिले, जणू मी त्यांच्या वतीने काहीतरी खोटे बोलावे. मी नजर वळवली.

"बरं," तात्या म्हणाले, "आता हेच रशियात सांग सरांना."

कृपा माझ्याकडे वळली. "तुम्ही मध्ये बोलणार नसाल तर."

मी मान हलवली. चटईवर बसलो. बोटे एकमेकांत गुंतू नयेत म्हणून दोन्ही हात मांड्यांखाली घेतले.

ती बोलू लागली. सुरुवातीला हळू. रुग्ण पुरुष आहे, वृद्ध आहे, बऱ्याच काळापासून खोकला आहे. 'सुखोय' बरोबर आले. मग छातीतल्या वेदनेपाशी ती पोचली आणि मला दिसले की ती चुकणार आहे. शिक्षकाला चूक यायच्या आधीच दिसते. रस्त्यात खड्डा दिसावा आणि पुढच्या स्कूटरला सांगता येऊ नये, तसे असते ते. तिने बोल पुल्लिंगी केले. ओस्त्री. मांड्यांखालचे हात मी आणखी दाबून धरले. तिने माझ्याकडे पाहिले. मी तसाच बसलो. तिने पुढचे वाक्य घेतले, त्यातही एक शेवट चुकला, आणि त्याच्या पुढचे बरोबर आले, आणि मग ती थांबायची थांबली. चुका होत्या, पण आता त्या पावसातल्या माणसासारख्या होत्या. न थांबता चालत होत्या. माझ्या मांड्यांखाली माझे हात झिणझिणू लागले होते.

ती थांबली तशी ओसरीवर सगळे माझ्याकडे पाहू लागले. मंगल दारात होती.

"बरुबर हाय का, सर?" तात्यांनी विचारले.

बरोबर नव्हते. कुठे कुठे नव्हते तेही मी सांगू शकलो असतो. "मला समजलं," मी म्हणालो. "तात्यांना काय होतंय ते सगळं समजलं."

कृपाने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिले. मग ती तात्यांकडे वळली. "उद्या सरकारी दवाखान्यात जाऊन थुंकी तपासून या. हे नाटक म्हणून नाही सांगत. आणि बिडी बंद."

"बिडीचं रशियात सांग," तात्या म्हणाले. "मराठीत लई येळा ऐकलंय."

ती हसली. सुट्टीवर आल्यापासून प्रथमच.

तात्यांची तपासणी ठीक निघाली. बिडी मात्र सुटली नाही. पण त्यांनी गावात काय सांगितले देव जाणे, त्या आठवड्यापासून आमच्या ओसरीवर मंडळीतली माणसे येऊ लागली. कुणी गुडघा घेऊन, कुणी आम्लपित्त घेऊन, कुणी नुसतीच "मला अलीकडे बरं वाटत नाही" एवढे घेऊन. एकजण थेट पुणतांब्याहून आला, तिथे लग्न होऊन गेलेल्या बहिणीची पाठदुखी स्वतःच्या तोंडाने सांगायला. मार्थाताईने दारात खुर्ची टाकून व्यवस्था हातात घेतली. "एकेकानं. चपला बाहेर. दुखतंय तेवढंच सांगायचं, सुनेचं सांगायचं नाही." कृपा आत्याशी अजून मोजकेच बोलत होती, पण तिने हाक मारली की पुढचा रुग्ण घेत होती. एका म्हाताऱ्या बाईने "कोरडा खोकला" रशियनमध्ये म्हणून दाखवायला सांगितले आणि ऐकल्यावर म्हणाली, "सुखोय? पंधरा दिस झोप न्हाई, आन म्हन सुखोय!" ओसरीभर हशा पिकला. मी रोज हात मांड्यांखाली घेऊन बसत होतो. जे दिसे ते दिसू देत होतो आणि जे घशाशी येई ते गिळत होतो. हे सोपे नव्हते. आजही नाही. चुकलेले विशेषण कानावर पडले की माझ्या आत कुणीतरी लाल शाईचे पेन उघडते, आणि ते बंद करायला मला प्रत्येक वेळी तेवढेच कष्ट पडतात.

ती जाणार की नाही, हे मी विचारले नाही. मंगलने विचारू दिले नाही. एका सकाळी मी शाळेत निघालो तेव्हा अंगणातल्या दोरीवर कृपाचे जाड लोकरी स्वेटर वाळत घातलेले दिसले. ऊन नव्हतेच. ढगांखाली ते जड, ओले स्वेटर वाऱ्याने हलत होते आणि सोयाबीनच्या हिरव्या पार्श्वभूमीवर अगदी वेडगळ दिसत होते. मी स्कूटर उभी करून त्यांच्याकडे पाहत राहिलो. शाळेत उशीर झाला.

फेरपरीक्षेचा निकाल तिने आईला कळवला. मला नाही. काठावर पास. मंगलने फोन स्पीकरवर टाकला तेव्हा ती सांगत होती, "परीक्षकांनी मध्ये मध्ये दुरुस्त केलं, आई. मी बोलतच राहिले. शेवटी त्यांनी दुरुस्त करायचं सोडून दिलं."

यंदा ती सुट्टीवर आली नाही. वॉर्डात काम लागले आहे. ओसरी मोकळी आहे, आभाळ तेच, आणि जाताना ती टेबलावरच सोडून गेलेले ते व्याकरण माझ्याकडेच राहिले आहे. ते मला आता बरेच येते, आणि त्याचे काय करावे हे कळत नाही. दोन घरांच्या शेजारचे ते अनेकवचनी विशेषण मला अजूनही चिडवते. क्वचित मी पुस्तक उघडतो, एखादा नियम वाचतो, "का पण?" असे मोठ्याने म्हणतो आणि मंगल आतून म्हणते, "बंद करा ते."

परवा संध्याकाळी कृपाचा फोन आला. वॉर्डाबाहेरच्या लांब व्हरांड्यातून बोलत होती. तिकडे दुपार होती. मध्येच तिला कुणीतरी आतून हाक मारली. "थांबा हं," ती म्हणाली आणि फोन तसाच अंगावरच्या कोटाच्या खिशात टाकून गेली. आधी कापडाची खसखस आली. मग एका म्हाताऱ्या बाईचा आवाज, तक्रारीचा, रडवेला. मग माझ्या मुलीचा. मी सावरून बसलो. कान टवकारले. पण ती फार भरभर बोलत होती. शब्द एकमेकांत मिसळत होते, शेवट गिळले जात होते. नाम कुठे संपले, विशेषण कुठे लागले, काही हाती लागेना. कुठलीही चूक मला सापडली नाही, कारण मला काहीच सापडले नाही. म्हातारी एकदा बारीक हसल्यासारखी वाटली.

"काय म्हणतेय हो?" मंगलने विचारले.

"कळत नाही."

"तुम्हाला? तुम्हाला कळत नाही?"

पुन्हा कापड खसखसले. "पप्पा, आहात का?" कृपा म्हणाली. "काही नाही, एक आजी आहेत. उशी टोचते म्हणत होत्या. दुसरी दिली."

उशी तिकडे कोणत्या लिंगाची आणि टोचणाऱ्या उशीला विशेषण कसे लागते, हे माझ्या ओठांवर आले होते.

"झोपल्या का मग?" मी विचारले.

"झोपल्या," ती म्हणाली.